तिसऱ्या परतीचा दाखला

दुकानातून,
मंगळवार, जेवणानंतर

तीर्थरूप दाजींच्या सेवेशी,

धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. ताईला नमस्कार वेगळा आहे, तो तिला लगेच वाचून दाखवावा; मागच्या पत्रातला तिच्यापर्यंत पोहोचलाच नाही असं तिचं म्हणणं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या कार्डावरून उजवा दुखतोय असा माझा समज झाला होता, ताई फोनवर डावा म्हणाली, म्हणून मी ते कार्ड पुन्हा काढून भिंगाखाली धरलं, तर ते वाक्य गुडघ्याबद्दल नसून नळाबद्दल निघालं. तेव्हा दुखतोय तो डावा, असं ताईच्या शब्दावर धरून चालतो. ताईच्या चष्म्याची दांडी कानामागे टोचत असेल तर ती कोमट पाण्यात मिनिटभर धरून अंगठ्याने हलकेच वाकवावी. दुकानात देऊ नये. ते लोक पक्कड लावतात.

इकडे आम्ही सगळे ठीक. मुलीची परीक्षा झाली, हिची पाठ अधूनमधून धरते, दुकान चालू आहे, आणि माझा परदेशी शिकायला जाण्याचा अर्ज नामंजूर झाला. बाकी नवीन काही नाही.

अर्जाचं ताईने तुम्हाला सांगितलं असेलच, पण ती सांगते तेव्हा महिने आणि वर्षं यांची अदलाबदल होते, म्हणून मी पुन्हा सांगतो. दहा महिने. तिकडे एक शाळा आहे, तिथे जुनी भिंगांची उपकरणं दुरुस्त करायला शिकवतात: सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी, जमीन मोजणाऱ्यांची यंत्रं. वर्षाला बारा विद्यार्थी घेतात. प्रत्येकाला खिडकीसमोर एक टेबल आणि एक दिवा. मी माझ्या तीन दुरुस्त्यांचे फोटो पाठवले होते. त्यावर तिथल्या एका मास्तरांचं उत्तर आलं, की दुसऱ्या फोटोतला डावीकडचा स्क्रू मूळचा दिसत नाही. नाहीच आहे. तो मी घडवलेला आहे. दाजी, गेल्या एकोणतीस वर्षांत तो स्क्रू कोणाच्या लक्षात आलेला नाही. मी ते पत्र उभ्याने वाचलं आणि दुपारी चार वाजता दुकान बंद केलं. (चार वाजता मी दुकान कधीही बंद केलेलं नाही. समोरचा शिंपी विचारायला आला, घरी कोणाचं काही झालं का.) तुम्हाला माहीतच आहे, मी जे काही शिकलो ते उघडून आणि बंद करून. बरोबर केलं की चूक, ते फक्त यंत्र सांगतं, आणि तेही चुकलं असेल तरच सांगतं. बरोबर असलं तर गप्प बसतं. आता एकावन्नाव्या वर्षी एकदा कोणीतरी पाठीमागे उभं राहून माझा हात बघावा, एवढीच इच्छा आहे. त्याला दहा महिने लागतात.

तर शाळेने घेतलं, अडवलं ते व्हिसावाल्यांनी, आणि नामंजुरीचं कारण त्यांनी एका वाक्यात दिलं आहे. अर्जदाराचा मुक्काम खरोखरच तात्पुरता राहील याबद्दल समाधान झालेलं नाही. म्हणजे मी शिकायच्या नावाखाली जाणार आणि तिथेच तळ ठोकणार, असा संशय. माझ्या दुकानात आलेली प्रत्येक वस्तू ठरल्या दिवशी मालकाकडे परत गेलेली आहे, आणि मी स्वतः जाणार नाही? मी ते पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. या वयात शाळेत कोण जातं? त्यांना वाटलं असेल, माणूस पळून येतोय."

"कोणापासून पळून?" मी विचारलं.

"ते त्यांनी विचारायला हवं होतं," असं म्हणून ही आत गेली.

दुसऱ्यांदा अर्ज करता येतो, पण या शुक्रवारच्या आत, नाहीतर शाळेतलं ते टेबल यादीतल्या तेराव्याला जातं. म्हणून मी एक सल्लागार गाठला. टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस आहे, जिना लोखंडी, चौथी पायरी हलते (मी त्याला सांगितलं, त्याने मान डोलावली, ती अजून हलते). मुलगा तिशीतला, टाय बांधतो, पण टायची गाठ रोज त्याच ठिकाणी चुरगळलेली असते, त्यावरून तो ती सोडत नसून डोक्यातून काढून ठेवतो हे उघड आहे. तरी माणूस हुशार. त्याने मला समजावलं, की परत येण्याची इच्छा आहे असं नुसतं म्हणून चालत नाही, पुरावा लागतो: इथे तुमचं काय काय अडकलेलं आहे, घरात कोण आहे, आणि मुख्य म्हणजे, "काका, तुमचा प्रवासाचा इतिहास आहे का? म्हणजे पूर्वी कुठे गेलात आणि वेळेवर परत आलात, असं काही?"

मी म्हटलं, आहे. चौतीस वर्षांचा आहे.

दाजी, मी सतरा वर्षांचा असताना एका कंडक्टरने मला बसमधून उतरल्यावर विनातिकीट म्हणून चारचौघांत धरलं होतं. तिकीट मी काढलेलं होतं आणि फेकून दिलं होतं. त्या दिवसापासून मी एकही तिकीट फेकलेलं नाही. बसचं, रेल्वेचं, होडीचं सुद्धा. कॉलेजांच्या आणि दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत माझं येणं-जाणं किती, ते तुम्हाला माहीत आहे. ही सगळी तिकिटं बिस्किटांच्या सहा डब्यांत होती. हिने ते डबे तीन वेळा टाकायला काढले आणि मी तीन वेळा परत आणले. आता त्यांचा दिवस उजाडला, असं मी हिला म्हटलं. जेवणाच्या टेबलावर जोड्या लावायला घेतल्या: डावीकडे जाण्याचं, उजवीकडे येण्याचं. सोळा दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. जुन्या तिकिटांची शाई उडालेली, त्यामुळे ती सूक्ष्मदर्शकाखाली घालून तारीख वाचावी लागली. (तिकीट सपाट राहत नाही. दोन काचांमध्ये दाबावं आणि आरसा थोडा तिरका करावा. छापा गेला तरी त्याचा खळगा उरतो. कोणाला कधी गरज पडली तर सांगा.)

एकूण जाण्याची तिकिटं एक हजार एकशे चौऱ्याऐंशी. येण्याची एक हजार एकशे एक्याऐंशी.

तीन कमी.

मी पुन्हा मोजली. मुलगी म्हणाली, बाबा, तिकडे कोण मोजत बसणार आहे? मी म्हटलं, मी मोजलीत ना? आता मला माहीत आहे. हिचं म्हणणं वेगळं पडलं. "तीन वेळा गेलात ते आलाच नाहीत म्हणायचं," ही म्हणाली, "मग इतकी वर्षं मी जेवायला वाढतेय ते कोणाला?" तीन परती सापडत नव्हत्या, आणि ज्या माणसावर न परतण्याचा संशय आहे त्याला ते परवडणारं नाही.

पहिली परत दोन दिवसांत सापडली. सात वर्षांपूर्वी एका दवाखान्याने त्यांच्या गाडीतून मला घरी सोडलं होतं, कारण मांडीवर त्यांचाच सूक्ष्मदर्शक होता आणि मी तो बसमध्ये न्यायला नकार दिला. ड्रायव्हर आता निवृत्त आहे. त्याचं घर शोधून काढलं, त्याने लगेच लिहून दिलं: 'हे गृहस्थ माझ्या गाडीतून परत आले. वाटेत नऊ वेळा हळू चालवा म्हणाले.' नऊ वेळा नाही, पण तो मजकूर बदलायला तयार होईना.

दुसरी परत पायी झाली होती, त्यामुळे तिकीट नसणारच. बस सुटतानाच मला तिच्या गिअरचा आवाज बरोबर वाटला नाही. मी पुढे जाऊन ड्रायव्हरला तसं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही चालवा मग. मी म्हटलं, मी दुरुस्त करतो, चालवत नाही. शब्दाने शब्द वाढला आणि कंडक्टर माझ्यापर्यंत पोहोचायच्या आतच मी खाली उतरलो. अकरा किलोमीटर. पैकी तिसऱ्या किलोमीटरवर ती बस रस्त्याकडेला उभी होती आणि ड्रायव्हर खाली वाकलेला होता. मी फक्त जाताना थोडा हळू चाललो. याला साक्षीदार म्हणजे ही, कारण माझे पाय हिने त्या दिवशी पाण्यात घालायला लावले होते.

साक्षीचा विषय निघालाच होता म्हणून सल्लागार म्हणाला, काकूंचंही एक पत्र जोडू या, पती परत येतील अशी खात्री असल्याचं. मी मजकूर तयार करून हिच्यासमोर ठेवला, नुसती सही करायची होती. हिने तो बाजूला सारला आणि मुलीच्या वहीचं पान फाडून स्वतः लिहिलं. मी ते शब्दशः उतरवतो, कारण यात माझा काही हात आहे असं ताईला वाटायला नको:

'माझे पती दहा महिन्यांसाठी जातो म्हणतात. ते दहा महिने पुरे राहतील अशी खात्री मला देता येत नाही. लग्नानंतर आम्ही पाच दिवस फिरायला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी परत आलो, कारण दुकानातल्या एका भिंगावर फडकं घातलं की नाही ते यांना आठवेना. घातलेलं होतं. त्यानंतर ते जिथे जिथे गेले तिथून ठरल्याच्या आधी परत आले आहेत. मला सलग चार दिवस निवांत असे मिळालेले नाहीत. तरी त्यांना जाऊ द्यावं ही विनंती.'

सल्लागाराने ते वाचलं, खुर्चीतून उठला, पलीकडच्या खोलीतल्या मुलींना वाचून दाखवून आला आणि म्हणाला, "काका, हे सोनं आहे. असं पत्र मी आजवर पाहिलं नाही." मी त्याला सांगितलं की यात तपशिलाची चूक आहे, आम्ही दुसऱ्या नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी परत आलो. हिला दुरुस्त करायला सांगितलं. ही म्हणाली, तुमच्यासाठी तिसरा असेल.

मग त्याने माझी तालीम घेतली. मुलाखतीला बोलावलं तर तयारी असावी म्हणून. टाय सरळ केला, चेहरा लांब केला आणि विचारलं, "तुम्ही परत का याल?" मी सांगायला सुरुवात केली. दुकानाची खिडकी उत्तरेला आहे, तिथून जो उजेड येतो त्यात सावली पडत नाही, इथून सुरुवात केली. त्याच्या घड्याळाने एकोणीस मिनिटं झाल्यावर त्याने हात वर केला.

"काका, एका वाक्यात."

"दुकान इथे आहे."

"दुकान विकतात लोक."

"बायको इथे आहे."

"बायकोला मागून बोलावून घेतात."

"मुलगी आहे."

"मुलीला तर आधीच बोलावतात."

"अहो, मग माणसं परत येतात तरी कशाला?"

"तेच तर ते तुम्हाला विचारणार, काका."

खाली कोणीतरी टायरात हवा भरत होतं. मग जे खरं होतं ते मी सांगितलं: मी आजवर चारशे बारा सूक्ष्मदर्शक दुरुस्त केलेत. शिकून आल्यावर ते सगळे पुन्हा उघडून बघायचेत. कुठे कुठे चुकलोय ते तेव्हा कळेल. ते सगळे इथेच आहेत, तिकडे बसून ते उघडता येणार नाहीत. त्याने चेहरा लांब करायचं सोडलं आणि म्हणाला, "हेच बोला. याच्यापुढे एक शब्द बोलू नका."

(त्यावर मी त्याला विचारलं, की उपकरणांची यादी जोडली तर? तो म्हणाला, हा त्याच्यापुढचा शब्द झाला.)

आता तिसरी परत. दाजी, ती तुमच्याकडची आहे.

तिचा तपशील मी इथे सविस्तर देतो. तुम्हाला तो माहीत नाही असं नाही, पण दाखला लिहिताना तारखांचा घोळ होऊ नये. मी एकोणीस वर्षांचा होतो. दुसऱ्यांदा नापास झालो होतो आणि घरात कोणाशी बोलत नव्हतो. आईने मला हवापालटासाठी पंधरा दिवस ताईकडे पाठवलं, तसं तिने तुम्हाला पत्रात लिहिलंही होतं. जाण्याचं तिकीट माझ्याजवळ आहे, चौथ्या डब्यात होतं. मी तुमच्याकडे अकरा महिने चार दिवस राहिलो. म्हणजे ठरल्यापेक्षा दहा महिने एकोणीस दिवस जास्त. तुमच्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते आणि घर दोन खोल्यांचं होतं, हे तारखा शेजारी शेजारी मांडल्यावर परवा प्रथमच माझ्या लक्षात आलं. त्याबद्दल बत्तीस वर्षं उशिरा का होईना, दोघांची माफी मागतो. मी स्वयंपाकघरात झोपत असे, त्यामुळे ताईला सकाळी चहासाठी मला ओलांडून जावं लागे. तिने कधी पाय लावला नाही.

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होतात. तुमच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात सहा सूक्ष्मदर्शक होते, त्यांतले चार बंद. एक दिवस तुम्ही मला सोबत नेलंत, त्यांतला एक माझ्यापुढे ठेवलात आणि बाकावर बसून वह्या तपासायला लागलात. मी तो उघडला, पुसला, बंद केला आणि झाला म्हणून सांगितलं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "परत उघड." मी उघडला. मग पुन्हा झाला म्हटलं. "परत उघड." संध्याकाळपर्यंत हेच. दुसऱ्या दिवशीही हेच. मला तेव्हा वाटलं, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, उगाच मला गुंतवून ठेवताय. अकरा महिन्यांत चारांपैकी तीन चालू झाले.

परत येताना तुम्ही मला तुमच्या स्कूटरवरून घरी आणून सोडलंत. शेहेचाळीस किलोमीटर. त्यामुळे तिकीट नाही. तर एवढ्याचा एक लेखी दाखला हवा आहे: की मी अमुक तारखेला तुमच्याकडून निघालो, त्याच दिवशी माझ्या घरी पोहोचलो, आणि वाहन तुमचं होतं. नमुना सोबत जोडला आहे. शुक्रवारपर्यंत हवा म्हणून हे पत्र उद्या सकाळी पहिल्या टपालात टाकतो आहे.

ताईला सांगा, पाठीवर कापूर लावू नको, त्वचा जळते. (पाठ हिची दुखते हे मला माहीत आहे. पण औषध ताईने सुचवलं होतं.)

तुमच्या उंबऱ्यावर ठरल्यापेक्षा जास्त राहिलेला,
तुमचा मेहुणा

ता. क. १: कागद पांढरा, रेघा नसलेला, एकाच बाजूला लिहावं. शाई निळी. सहीच्या शेवटी तुम्ही जी शेपटी ओढता ती कृपया आखूड ठेवावी, नळाच्या कार्डावर ती पत्त्यातून आरपार गेली आहे. माझं कौतुक करू नये, दाखल्यात कौतुक आलं की वजन जातं. स्कूटरचा नंबर देण्याची आवश्यकता नाही, दिला तर मी तो माझ्या आठवणीशी ताडून पाहीन.

ता. क. २: (मंगळवार, दिवेलागणी) वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण दाखला नसता तरी माझं अडलं नसतं. मी ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहायचं राहिलं. सल्लागाराने मला प्रश्नांचं एक मराठीत केलेलं टाचण दिलं आहे, ते वाचून उत्तरं तयार ठेवायची. त्यातला नववा प्रश्न: 'कधी कुठे ठरल्यापेक्षा जास्त राहिलात का? कधी कुठून निघून जायला सांगितलं गेलं का?' पहिल्या भागाचं उत्तर हो, ते मी लिहिलं, दिवसांसकट. दुसऱ्या भागापाशी मी सहा दिवस अडलो आहे. (बसचं मी धरत नाही, तिथे मी आपण होऊन उतरलो.)

दाजी, शाळेच्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी कपाटातला एक चालू असलेला सूक्ष्मदर्शक उघडला होता. कोणी सांगितलं नव्हतं. आतून कसा आहे ते बघायचं होतं. त्यातली एक स्प्रिंग उडाली आणि मिळाली नाही. सकाळी मुख्याध्यापकांनी तुम्हाला पाहुण्यांसमोर विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, मी उघडला होता. मी दाराआड उभा होतो. तुम्हाला जे ऐकून घ्यावं लागलं ते सगळं मी ऐकलं. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही स्कूटर काढलीत.

तुम्ही काही बोलला नाहीत. मीही विचारलं नाही. बत्तीस वर्षांत आपण एकमेकांना गुडघ्यापासून नळापर्यंत सगळं लिहिलं, हे सोडून. तेव्हा मला कळवा, तुम्ही मला पोहोचवायला आला होतात, की मला काढलं होतं? मी दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. वाटेत तुम्ही एकदा थांबून मला चहा पाजलात आणि माझी पिशवी तुमच्या स्वतःच्या दोरीने बांधली होती, ती दोरी राहू दे म्हणालात. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, आमच्या घरी तुम्ही आत बसला नाहीत, उभ्याने पाणी प्यायलात आणि वळून गेलात. ताईला मी विचारणार नाही. ती मला बरं वाटेल तेच सांगेल. तुम्ही तसं करणार नाही, अशी माझी समजूत आहे. व्हिसाच्या अर्जात एक रकाना आहे, हे काम कोणाकडे शिकलात. मी सगळीकडे सांगतो तसं पहिल्या अर्जात 'स्वतः' असं लिहिलं होतं. या वेळी 'अकरा महिने चार दिवस, मेहुण्यांकडे' असं लिहिलं आहे. तुमचं उत्तर काहीही आलं तरी ते मी बदलणार नाही.

ता. क. ३: (गुरुवार) पत्र बुधवारी टाकायचं राहिलं. पाकीट बंद करून तीन वेळा उघडलं, ही म्हणाली, आता नवं पाकीट घ्या. त्यातच आज सकाळी सल्लागाराचा फोन आला, की अर्ज आजच पाठवू या, उद्याचा भरवसा नको. मी गेलो. नवव्या प्रश्नापाशी कोरी जागा बघून तो म्हणाला, "काका, हे काय?" मी त्याला सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. "काका, हे देशाबद्दल आहे हो. दुसऱ्या देशात मुदत संपून राहिलात का, दुसऱ्या देशाने बाहेर काढलं का. मेहुण्याचं घर म्हणजे काय परदेश आहे?" टाचण एका पानात बसावं म्हणून त्याने देश हा शब्द गाळला होता. मी त्याला त्याबद्दल जे बोलायचं ते बोललो. मग दोन्ही भागांवर 'नाही' अशी खूण केली, आणि ती खरी आहे. तिकिटांचा तक्ता त्याने दोनच पानांचा घेतला, पण हिचं पत्र सगळ्यांत वर ठेवलं. तिसऱ्या दिवसाची दुरुस्ती राहिली ती राहिलीच. अर्ज पावणेबाराला गेला.

म्हणजे तुमचा दाखला आता कशालाही जोडायचा नाही आणि नववा प्रश्नही मला कोणी विचारलेला नव्हता. तरी दुसऱ्या ताज्या कलमाचं उत्तर पाठवा. नमुन्यात नको, साध्या कार्डावर एक ओळ पुरे. शेपटी कितीही ओढा. अर्जाचा निकाल यायला सहा आठवडे लागतात. तुमचं कार्ड दुसऱ्या दिवशी येतं.